कापसातली ऊब

१

कापूस घरात यायला लागला की आमच्याकडे आधी मधल्या खोलीतला बल्ब काढतात. बाबा स्टुलावर चढतात, बल्ब आईच्या हातात देतात आणि होल्डरला चिकटपट्टी गुंडाळतात. एक ठिणगी पडली तरी सगळं संपलं, असं ते दरवर्षी म्हणतात. मग देवाचे फोटो पुढच्या खोलीत येतात, भिंतीवरचं कॅलेंडर येतं आणि दारात आडव्या फळ्या बसतात. कापूस वाढेल तशी एकावर एक फळी चढते. त्यानंतर स्वयंपाकघरात जायचं तर अंगणातून वळसा घालावा लागतो. बाबांच्या मनासारखा भाव येईपर्यंत आम्ही वळसाच घालत असतो.

त्या खोलीला एकच खिडकी आहे, उंचावर, गजांची. दुपारी तिच्यातून उजेडाचा पट्टा कापसावर पडतो आणि त्यात बारीक तंतू तरंगताना दिसतात. बाकी खोली अंधारी.

संध्याकाळी शेतातून गाठोडी आली की बाबा ती फळ्यांवरून आत रिकामी करतात आणि मी व माझी धाकटी बहीण सुरभी कापूस तुडवतो. तुडवल्याशिवाय तो मावत नाही. मोठी माणसं कमरेपर्यंत रुततात, म्हणून हे काम आम्हा दोघींचं. मी नववीत आहे, सुरभी पहिलीत. पाय धुऊन, पुसून आत जायचं, भिंतीला हात लावून एका जागी नाचल्यासारखं करायचं आणि हळूहळू पुढे सरकायचं.

तिथे आवाज टिकत नाही. सुरभी हातभर अंतरावर गाणं म्हणत असते, पण ते तोंडावर उशी धरल्यासारखं लांबून येतं. टाळी वाजवली तर हातातच विरते. मला ते आवडायचं. मी कमी बोलते. आणि ज्या खोलीत सगळेच कमी बोलल्यासारखे वाटतात, तिथे मला बरं वाटायचं.

२

कापसाबरोबर खाजही येते. त्यातले किडे दिसत नाहीत, पण चावतात. हातांवर, मानेवर, पाठीवर लाल पुरळ उठतं. आई खोबरेल तेलात कापूर घालून वाटी तयार ठेवते आणि जेवण झालं की एकेकाला समोर बसवते.

"अजी, पाठ कायले खांबाले घासून राह्यले? बैल आहे काय तुम्ही?" आई म्हणाली.

"बैलाले तरी कोणी खाजवून देते," बाबा म्हणाले.

मी हसत होते आणि कोपर खाजवत होते. तेवढ्यात माझं लक्ष सुरभीकडे गेलं. ती भिंतीला टेकून चिवडा खात होती. हात मोकळे, मान मोकळी. एकदाही तिचा हात अंगावर गेला नाही.

मी तिला उजेडात ओढलं. कोपराच्या आत पाहिलं, मानेमागे पाहिलं, फ्रॉक वर करून पाठ पाहिली. कातडी धुतलेल्या वाटीसारखी स्वच्छ. आमच्या घरात सगळ्यात जास्त कापसात तीच असायची. गावातली शाळा सुटली की ती शेजारच्या मथुराबाईंकडे जेवायची, फळ्यांवरून आत उतरायची आणि कापसावरच झोपायची.

"तुले नाही खाजवत?" मी विचारलं.

"नाही."

"काहून?"

"मले तो नाही चावत."

"तो कोण?"

"कापूस," सुरभी म्हणाली आणि मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

आई म्हणाली, "लहान आहे ते. कोवळं कातडं."

मी आईचं म्हणणं मनात तपासलं. कोवळ्या कातडीला तर जास्त खाज यायला हवी. पण सुरभीला त्रास नाही, ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हती. फक्त माझ्या हातांच्या तळव्यांना घाम आला होता.

३

तळव्यांच्या घामाचं मला सांगावं लागेल.

वर्गात सर प्रश्न विचारायला वळले की कधीकधी माझे तळवे ओले होतात, आणि पुढच्याच क्षणी सर माझं नाव घेतात. नेहमी नाही. पण जेव्हा ओले होतात तेव्हा नक्की. माझी मैत्रीण मैत्रेयी, जिच्यासोबत मी रोज एसटीने कळंबला शाळेत जाते, ती म्हणते, "तुह्यं अंग तुह्या डोक्याच्या आधी शाळेत येते न वं." मग स्वतःच कारणही सांगते: "तू घाबरून मान खाली घालतं, म्हणून सर तुलेच उठवते. भविष्य नाही दिसत तुले, समीक्षा बाई."

ते बरोबर असेल. मला कारणं आवडतात. कारण सापडलं की अंग शांत होतं.

म्हणून त्या रविवारी, सुरभी अंगणात खेळत होती तेव्हा, मी कारण शोधायलाच मधल्या खोलीत उतरले. ती जिथे झोपते तिथे कापसात तिच्या आकाराचा खळगा होता. डोक्याचा, पाठीचा, पोटाशी घेतलेल्या पायांचा. तो मला माहीत होता. त्याच्या शेजारी दुसरा खळगा होता.

तो लांब होता. माझ्यापेक्षाही लांब. पहिल्या खळग्याकडे वळलेला, कुशीत घेतल्यासारखा.

सुरभी झोपेत लोळली असेल, असं मी मनाशी म्हटलं. लोळली असेल आणि पाय ताणले असतील. मग मी खाली वाकून त्यात हात ठेवला. तिच्या खळग्यातला कापूस थंडगार होता. ती सकाळपासून आत आलीच नव्हती. दुसऱ्यातला गरम होता. कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या अंथरुणासारखा.

४

विज्ञानाच्या तासाला मी हात वर केला. मैत्रेयीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू बाकच बोलला.

"सर, घरात ठेवलेला कापूस गरम होतो का?"

"होतो की," सर म्हणाले. "दवात ओला वेचला आणि दाबून ठेवला की आतून तापतो. लोखंडी सळाख खुपसायची, थोडा वेळ ठेवायची आणि काढून हात लावायचा. जिथे ओल तिथे सळाख गरम. असा कापूस लवकर बाहेर काढून वाळवायचा असतो. घरी सांग."

मला एवढं हलकं वाटलं की परत येताना बसमध्ये मी मैत्रेयीच्या विनोदावर मोठ्याने हसले. कारण मिळालं होतं. लांब खळगा म्हणजे तापून बसलेला कापूस. झालं.

घरी येऊन मी गोठ्यातली सळाख घेतली. सुरभी मथुराबाईंकडे होती, आई-बाबा शेतात. मी खोलीच्या टोकाला, खिडकीखालच्या कोपऱ्यात सळाख खुपसली. ती मऊपणे आत गेली. थोड्या वेळाने बाहेर ओढून चाचपली. टोकाला थंड, मुठीजवळ थंड, मध्ये हातभर गरम. सरांनी सांगितलं तसंच.

खात्री करावी म्हणून मी ती परत घातली आणि यावेळी मूठ धरूनच बसले.

सळाख धडकत होती.

अगदी मंद. एक ठोका, मग इतका वेळ काहीच नाही की मला भास वाटावा, मग पुन्हा एक. माझ्याच बोटांतली नाडी असणार, असं डोकं म्हणालं. पळाल्यानंतर नाडी कशी बघायची ते आम्हाला शाळेत शिकवलं आहे. मी दुसऱ्या हाताची बोटं गळ्यावर ठेवली. तिथे घाईघाईत पडत होते ठोके, एकावर एक. आणि सळाखीत तेच जुने, सावकाश, गाढ झोपलेल्या माणसासारखे.

दोन्ही मी एकाच वेळी मोजत होते. दोन्ही माझे असणं शक्य नव्हतं.

मी सळाख ओढली. क्षणभर ती आली नाही. मग आली.

५

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ठोक्यांचं नाही. फक्त ऊब सांगितली, कारण ऊब सांगता येते.

बाबा स्वतः सळाख घेऊन उतरले. मी दाखवलेला कोपरा थंड होता. त्यांनी इकडे तिकडे खुपसून पाहिलं आणि खोलीच्या मधोमध, सुरभीच्या खळग्याजवळ, थांबले.

"हाव. आहे गरम. दवात वेचला न तो पहिला कापूस, तोच हा."

"बाबा, दुपारी ऊब खिडकीखाली होती."

"मग पसरली असन."

"पसरली असती तर खिडकीखाली पण राहिली असती."

मी वडिलांशी असं कधी बोलत नाही. आई दारातून बघत होती. बाबा सळाख धरून होते, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग त्यांनी ती बाहेर काढली, भिंतीला टेकवली आणि तळहात पॅन्टला पुसला.

"परवा गाडी बोलावतो," ते म्हणाले. "भाव राहू दे."

"आणि परवापर्यंत सुरभी आत जाणार नाही," मी म्हणाले.

"नाही जाणार ते, माय," आई म्हणाली. "एवढी कायले भेली तू?"

मी भ्याले होते, पण तेवढंच नव्हतं. मला आतून ठाऊक होतं की ती ऊब खिडकीकडून खळग्याकडे का आली. त्याला पुरावा नव्हता. म्हणून मी पुराव्याशिवायच करता येईल ते केलं. दारात उरलेल्या दोन फळ्या चढवल्या. त्यांना बैलाच्या दोरीने गाठ मारली. सुरभीला समोर बसवून वचन घेतलं.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. "पण त्याले थंडी वाजन न, ताई."

"कोणाले?"

ती माझ्या वहीवर चित्र काढायला लागली.

६

गाडी येणार होती त्या दिवशी माझी चाचणी होती. मी जायला नको म्हणत होते, पण सुरभी मथुराबाईंकडेच थांबेल आणि गाडी आली की बाबा शेतातून येतील, असं ठरलं. शेवटच्या पेपरात माझे तळवे इतके ओले झाले की पेन सुटला. मी अर्धा पेपर सरांच्या टेबलावर ठेवला आणि स्टँडकडे पळाले.

मथुराबाई दारात तूर निवडत होत्या.

"सुरभी?"

"ते तर मघाशीच गेली वं. ताई आली, बोलावून राह्यली म्हणे."

मी तेव्हा बसमध्ये होते.

घराचं दार लोटलेलं होतं. फळ्या जागेवर होत्या, दोरीची गाठ जागेवर होती. फळ्यांच्या वर, चौकटीला लागून, एक लहान मूल सरकेल एवढी फट होती, आणि तिच्यात सुरभीच्या निळ्या रिबिनीचा तुकडा अडकला होता.

मी वर चढून आत पाहिलं. उजेडाचा पट्टा होता, तंतू होते. सुरभी नव्हती. कापूस सपाट होता. तिचा खळगा नव्हता, दुसराही नव्हता. आम्ही तुडवून ठेवतो त्यापेक्षाही सपाट.

"सुरभी!"

माझा आवाज तोंडाबाहेर पडून संपला.

"ताई." खिडकीखालच्या कोपऱ्यातून, कापसाच्या आतून. "ताई, मी इकडं आहो."

मी दोरी सोडली, वरच्या दोन फळ्या खाली टाकल्या, आत उडी मारली आणि दोन पावलं कोपऱ्याकडे गेलेही. कुणीही गेलं असतं. आवाज सुरभीचाच होता. पण माझे पाय थांबले. मी त्यांना थांबवलं नाही, ते थांबले. तळहातांवरून घाम निथळत होता. आणि मग डोकं चालायला लागलं, इतकं स्वच्छ की मला अजून आठवतं: या खोलीत हातभर अंतरावरचं गाणं नीट ऐकू येत नाही. कापसाखालून एवढा स्पष्ट आवाज कसा येईल?

सळाख भिंतीला टेकलेली होती.

"ताई, इकडं. लवकर."

मी ती कोपऱ्यात खुपसली. मूठ धरली. एक ठोका. मग काहीच नाही. मग एक.

मी ती काढली आणि दाराजवळ, फळ्यांच्या अगदी पायाशी, हळूच आत सोडली, कुठे टोचू नये म्हणून श्वास धरून. काहीच नाही. थोडी डावीकडे. काहीच नाही. कोपऱ्यातून सुरभी रडायला लागली. ती जशी रडते तशीच, नाक ओढत. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी सळाख आणखी डावीकडे घातली.

ती मऊ कशाला तरी लागून थांबली. आणि तिच्यात ठोके होते. बारीक, घाबरलेले, एकावर एक. पळून आलेल्या पाखरासारखे.

मी सळाख फेकली आणि दोन्ही हातांनी उपसायला लागले. कापूस उपसला की तेवढाच परत घसरतो. मी कोपरापर्यंत गेले, मग खांद्यापर्यंत, तोंड कापसात दाबलेलं. डाव्या हाताला लहान बोटं लागली. मी मनगट पकडलं.

त्याच क्षणी माझ्या उजव्या तळव्यात, दुसऱ्या बाजूने, काहीतरी ऊबदार येऊन टेकलं. पूर्ण तळवा भरेल एवढं. त्याने दाबलं नाही, ओढलं नाही. नुसतं माझ्या तळव्याशी जुळवून बघितल्यासारखं टेकून राहिलं आणि गेलं.

मी सुरभीला ओढून बाहेर काढलं. तिचे ओठ निळसर होते. मी तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या. तिच्या तोंडातून कापसाचा ओला बोळा पडला, ती खोकली आणि किंचाळली.

ती माझ्या मांडीवर किंचाळत असतानाच कोपऱ्यातून आवाज आला, "ताई, मी इकडं आहो न."

मी पाहिलं. खिडकीच्या उजेडात कोपऱ्यातला कापूस वर आला, श्वास घेतल्यासारखा, आणि सावकाश खाली बसला. गाढ झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा.

७

गाडी अंधार पडायच्या आत आली. हमालांनी खोली रिकामी केली. कोपऱ्यात तळाशी एक पिवळट, ओलसर गोळा निघाला, दोन मुठींएवढा. बाबांनी तो सगळ्यांना दाखवला.

"हे पाहा. हेच होतं. ओल." त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "पोरगी त्यात रुतली. आपलीच चूक. पुढच्या साली मधल्या खोलीत नाही भरायचा."

गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली. आईने खोली झाडली, बाबांनी बल्ब लावला. नुसत्या चार भिंती. मी प्रत्येक कोपऱ्यात उभी राहून पाहिलं. माझा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता.

जेवणानंतर सुरभी भोकाड पसरून रडायला लागली. तिच्या हातांवर, मानेवर, पाठीवर लाल पुरळ उठलं होतं. ती खाजवत होती आणि आईला मारत होती. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आले.

"बाबापेक्षा जास्त हिलेच आली," आई तेल चोळत म्हणाली. बाबा खांबाला पाठ घासत होते. "समीक्षा, ये. हात दाखव तुह्ये."

मी हात पुढे केले. आईने ते उलटे केले, सुलटे केले.

"तुह्यं तर गेलं पूर्ण! बरं झालं, माय."

सकाळपर्यंत माझ्या दोन्ही कोपरांवर रक्त येईपर्यंत खाजवल्याच्या खुणा होत्या. आता कातडी स्वच्छ होती. धुतलेल्या वाटीसारखी.

कापूस गेला म्हणून खाज गेली, असं म्हणता येतं. बाबांची गेली नाही. तेलाचा परिणाम असेल, असंही म्हणता येतं. त्या दिवशी माझ्या हाताला तेल लागलंच नव्हतं. मी ही कारणं एकेक करून उचलली आणि ठेवून दिली. मग मी माझं अंथरुण सुरभीच्या अंथरुणापासून दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला घातलं. सळाख तिच्या उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी तिला अंगणात उन्हात बसवलं आणि तिची दोन बोटं माझ्या मनगटावर टेकवली.

"इथे ठोके लागतात. रोज सकाळी बघायचे. आधी तुझे, मग माझे."

"कायले?"

"जलद असले तर मी आहे. हळू असले, खूप हळू, झोपलेल्यासारखे, तर आईकडे पळायचं. मी हाक मारली तरी थांबायचं नाही."

"तू रडली तरी?"

"रडले तरी. गोड बोलले तरी. मी सांगितलं की हा नुसता खेळ होता, तरी."

सुरभीने खाजवणं थांबवलं. डाव्या हाताची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवून पाहिली, मान हलवली. मग ती माझ्या मनगटावर ठेवली आणि डोळे मिटले, अभ्यासाला बसल्यासारखी. मथुराबाईंच्या अंगणात सूप वाजत होतं. थंडी होती, तरी माझ्या उजव्या तळव्याला थंडी वाजत नव्हती.

सुरभी ओठांतल्या ओठांत 'एक' म्हणाली आणि पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि हात मागे घेतला नाही.